नेत्यांची टीव्ही डिबेट: मतं थोडी हलतात, प्रचार मात्र पूर्ण हलतो

प्रश्न असा आलाय: अमेरिकेत, ब्रिटनमध्ये मोठे नेते टीव्हीवर समोरासमोर उभे राहतात तशी डिबेट आपल्याकडे झाली, समजा मुख्यमंत्रिपदाचे दोन दावेदार एका स्टुडिओत आले, तर निवडणूक फिरेल का? आणि तिकडे तरी खरंच फिरते का? मी बरीच वर्षं मुंबईत मराठी न्यूज चॅनेलमध्ये पॅनल प्रोड्यूसर होतो, नंतर उमेदवारांची मीडियासाठी तयारी करून घ्यायला लागलो, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला पण बसलोय आणि उत्तरं देणाऱ्यांच्या पण. म्हणून जरा मोठं उत्तर देतो, वेळ काढून वाचा.

आधी सरळ सांगून टाकतो. डिबेट बघितली आणि मत बदललं, असं होणारे लोक फार थोडे. कॅरोलीन ल पेनेक आणि व्हिन्सेंट पॉन्स या दोघांनी १० देशांतल्या ६२ निवडणुका आणि ५६ टीव्ही डिबेट घेऊन अभ्यास केलाय. त्याच त्याच मतदारांना मतदानाआधी विचारायचं कुणाला देणार आणि मतदानानंतर विचारायचं कुणाला दिलं, अशी ती पद्धत. त्यात निघालं असं की १७ ते २९ टक्के लोक शेवटच्या दोन महिन्यांत आपलं मत पक्कं करतात, म्हणजे प्रचाराला अर्थ आहेच, पण डिबेट झाली म्हणून त्या ठरवण्यात काही फरक पडलाय असं त्यांना कुठेच दिसलं नाही. त्यांचा अंदाज असा की लोकांवर जास्त परिणाम बातम्यांचा, कार्यकर्त्यांचा आणि ओळखीपाळखीच्या माणसांशी होणाऱ्या बोलण्याचा होतो. माझा अनुभव याच्याशी पूर्ण जुळतो, फक्त मी त्यात एक भर घालीन. त्या बातम्यांना, त्या कार्यकर्त्यांना आणि त्या गप्पांना माल कुठून मिळतो? बऱ्याचदा डिबेटमधूनच मिळतो. म्हणून डिबेटचा परिणाम मोजायचा असेल तर त्या दीड तासाकडे बघून भागत नाही, आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे तीन दिवस बघावे लागतात.

आता सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट घ्या, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सनची. २६ सप्टेंबर १९६०, शिकागोमधला स्टुडिओ, साधारण ७ कोटी लोकांनी बघितलं. निक्सन गुडघ्याच्या इन्फेक्शनमुळे हॉस्पिटलमध्ये राहून आलेला, वजन उतरलेलं, फिका राखाडी सूट मागच्या भिंतीत मिसळून गेला, नीट मेकअप करून घेतला नाही, आणि समोर केनेडी एकदम ताजातवाना. पुढे कहाणी अशी पसरली की टीव्हीवर बघणाऱ्यांना केनेडी जिंकला वाटला आणि रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन. ही गोष्ट मीडिया ट्रेनिंगच्या प्रत्येक वर्गात सांगतात, पण तिच्यामागचा सर्व्हे फारच लहान होता आणि अभ्यासकांनी नंतर त्याच्यावर भरपूर प्रश्न उभे केलेत. शिवाय त्या वर्षी एकूण चार डिबेट झाल्या हे कुणी सांगतच नाही. केनेडी देशभरात मिळून सव्वा लाखापेक्षाही कमी मतांनी पुढे होता, इतक्या थोड्या फरकात कशामुळे जिंकलो हे नक्की सांगताच येत नाही, डिबेट म्हणा, शिकागोमधली त्याच्या पक्षाची संघटना म्हणा, काहीही म्हणा. मला त्या गोष्टीत जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढे झालेलं. १९६४, ६८, ७२ या तिन्ही निवडणुकांत डिबेट झालीच नाही. १९६८ आणि ७२ मध्ये हाच निक्सन उमेदवार होता, त्याने दोन्ही वेळा डिबेट टाळली आणि दोन्ही वेळा जिंकला. पुढे असलेला उमेदवार डिबेट टाळतो, मागे असलेला आव्हान देतो. हा नियम तेव्हाही होता आणि आजही आहे, फक्त देश आणि पक्ष बदलतात.

१९७६ मध्ये डिबेट परत सुरू झाली ती पण याच कारणाने, राष्ट्राध्यक्ष फोर्ड पोलमध्ये बराच मागे होता म्हणून त्याने स्वतः विरोधी उमेदवार कार्टरला आव्हान दिलं. पहिल्या डिबेटमध्ये आवाज गेला आणि दोघं २७ मिनिटं आपापल्या पोडियमशी नुसते उभे होते. कॅमेरे चालू, त्यामुळे बसायला कुणी तयार नाही. पण मला सांगायचंय ते दुसऱ्या डिबेटबद्दल, ६ ऑक्टोबरची. फोर्ड म्हणाला की पूर्व युरोपवर सोव्हिएत युनियनचं वर्चस्व नाही. तेव्हा पोलंडमध्ये, हंगेरीत काय परिस्थिती होती हे शेंबड्या पोराला माहीत होतं. तरी गंमत बघा, डिबेट संपल्या संपल्या लोकांना फोनवर विचारलं तेव्हा फोर्डचं फार वाईट झालंय असं त्यांना वाटतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दिवसभर ते एकच वाक्य टीव्हीवर, रेडिओवर, पेपरात फिरत राहिलं आणि संध्याकाळपर्यंत बहुतेक लोक सांगायला लागले की कार्टर सरळ जिंकला. डिबेट तीच, बघणारे तेच, मधे फक्त एक दिवसाचं कव्हरेज.

हे कव्हरेज कसं तयार होतं ते मी आतून बघितलंय. मोठा राजकीय सामना किंवा मोठी मुलाखत लाइव्ह चालू असते तेव्हा पीसीआरमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये, एक मुलगा किंवा मुलगी फक्त टाइमकोड लिहायला बसवलेली असते. नेता काही तिखट बोलला, अडखळला, पाणी प्यायला, समोरच्याकडे रोखून बघितलं, की लगेच वहीत वेळ टाकायची. पहिला ब्रेक लागायच्या आत एडिटला तीन कट सांगून झालेले असतात, एक बुलेटिनसाठी, एक युट्युबसाठी, एक उभा मोबाइलसाठी. खालच्या पट्टीवर काय लिहायचं यावर डेस्कवर दोन मिनिटं वाद होतो आणि ती पट्टीच पुढे दोन दिवस लोकांच्या डोक्यात राहते. "अमुक यांनी उत्तर टाळलं" लिहायचं की "अमुक यांचा सावध पवित्रा" लिहायचं? क्लिप एकच, पण या दोन पट्ट्यांमधून दोन वेगळ्या निवडणुका निघतात. हे काम करणारी पोरं पंचविशीतली असतात, दमलेली असतात, त्यांच्यावर कुणाचा दबाव असतोच असं नाही, पण वेगाचा असतो. आणि पक्षांच्या वॉर रूममध्ये तेच काम चाललेलं असतं, तिथे मात्र पट्टी आधीच तयार असते, फक्त तिला बसेल असं वाक्य सापडायची वाट बघतात. कार्यक्रम संपायच्या आधी क्लिप शाखाप्रमुखांच्या ग्रुपवर गेलेली असते. आता सांगा, मतदार डिबेट बघतो की मॅच न बघता नुसत्या हायलाइट्स?

म्हणून डिबेट कोण जिंकलं या प्रश्नात मला फारसा रस नाही. २०१६ मध्ये तिन्ही डिबेटनंतरच्या पोलमध्ये हिलरी क्लिंटन पुढे होत्या, निवडणूक हरल्या. २०१२ मध्ये डेन्व्हरची पहिली डिबेट ओबामा वाईट हरले, निवडणूक जिंकले. १० सप्टेंबर २०२४ ची डिबेट कमला हॅरिस जिंकल्या असं बहुतेक पोल सांगत होते, निवडणूक ट्रम्प जिंकले.

पण त्याच २०२४ मधली २७ जूनची डिबेट वेगळी, आणि प्रचार करणाऱ्या प्रत्येकाने ती नीट अभ्यासावी. राष्ट्राध्यक्ष बायडेन ट्रम्पसमोर अडखळले, वाक्यं अर्धवट राहिली. खरं म्हणजे त्यानंतर मतदारांच्या पोलमध्ये उलथापालथ झाली नव्हती, थोडाच फरक पडला. हलला तो त्यांचा स्वतःचा पक्ष. देणगीदार, खासदार, जुने सहकारी एकेक करून बोलायला लागले आणि २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. म्हणजे डिबेटचा पहिला प्रेक्षक तुमचा स्वतःचा कार्यकर्ता असतो. तो दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर मान वर करून उभा राहू शकतो का, चहाच्या टपरीवर कुणी टोमणा मारला तर त्याच्याकडे उत्तर आहे का, यावर पुढचे आठ दिवस त्याचे पाय किती चालणार ते ठरतं. हे मी मुंबईत लहान लहान लढतींमध्ये पण बघितलंय. टीव्हीवर उमेदवार कच्चा पडला की विरोधकाची मतं वाढत नाहीत, आपल्या शाखेत संध्याकाळी येणारी पोरं कमी होतात.

आता ब्रिटनकडे जरा थांबून बघू, कारण त्यांची पद्धत आपल्यासारखी आहे, मतदारसंघ, खासदार, बहुमत. तिकडे पहिली नेत्यांची डिबेट झाली १५ एप्रिल २०१० ला मँचेस्टरमध्ये. त्यासाठी पक्षांनी आणि चॅनेलांनी बसून ७६ नियम ठरवले होते, टाळ्या कधी नाहीत, कॅमेरा प्रेक्षकांवर कधी जाणार, सगळं. तिसऱ्या पक्षाचा निक क्लेग सरळ कॅमेऱ्यात बघून बोलला आणि एका रात्रीत हिरो झाला. त्याचा पक्ष काही पोलमध्ये चक्क पहिल्या नंबरवर गेला. तीन आठवड्यांनी मतदान झालं, मतं २३ टक्के, मागच्या वेळेपेक्षा एखादा टक्का जास्त, आणि जागा ५७, म्हणजे मागच्या वेळेपेक्षा ५ कमी. आता याच्या बाजूला न्यूझीलंडचं २००२ ठेवा. तिकडे डिबेटच्या वेळी स्क्रीनवर एक रेघ वरखाली हलते, स्टुडिओतल्या लोकांना कुठलं बोलणं आवडतंय ते दाखवणारी, तिला ते अळी म्हणतात. पीटर डन या छोट्या पक्षाच्या नेत्यावर ती अळी खूश झाली आणि त्याचा पक्ष १ जागेवरून ८ वर गेला. फरक काय? न्यूझीलंडमध्ये पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. ब्रिटनमध्ये, आणि आपल्याकडे, मतदारसंघात पहिला आला तोच निवडून येतो. टीव्हीवर मिळालेली सदिच्छा राज्यभर पातळ पसरली तर आपल्या पद्धतीत तिचं काहीच होत नाही, तिला बूथवर गोळा करणारी माणसं लागतात.

हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. २०१९ च्या लोकसभेला राज ठाकरेंच्या सभा आठवा, "लाव रे तो व्हिडिओ". मनसे निवडणूक लढवतच नव्हती, तरी चॅनेलांनी सभा पूर्ण लाइव्ह दाखवल्या, लोकल ट्रेनमध्ये, ऑफिसात तोच विषय. एक प्रकारे ती एकतर्फी डिबेटच होती, समोरच्याचं जुनं बोलणं दाखवायचं आणि त्याला उत्तर द्यायचं. निकाल? भाजप आणि शिवसेना मिळून ४८ पैकी ४१. आणि त्याच वर्षी विधानसभेला, १८ ऑक्टोबरला, साताऱ्यात शरद पवार पावसात भिजत बोलले. मतदान २१ ला. भाषणात काय मुद्दे होते हे आज कुणाला विचारलं तर दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही, पण तो फोटो सगळ्यांना आठवतो. साताऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत उदयनराजे हरले आणि श्रीनिवास पाटील निवडून आले. माझ्या मते फरक इथे आहे की पावसाच्या त्या क्लिपमागे गावोगाव उमेदवार होते, पक्षाची माणसं होती, तिचा उपयोग करायला शेवटचा एक पूर्ण दिवस होता. "लाव रे" मागे उमेदवारच नव्हता.

आणि ५ ऑक्टोबर २०२२ चा दसरा. उद्धव ठाकरे शिवाजी पार्कवर, एकनाथ शिंदे बीकेसीत, एकाच संध्याकाळी, आणि चॅनेलवर अर्धी खिडकी इकडची, अर्धी तिकडची. आपल्याकडे नेत्यांची डिबेट होते ती अशी, दोन मैदानांतून. त्याच्यात जोश असतो, भाषा असते, हे सगळं मला मनापासून आवडतं, मी त्यातच वाढलोय. पण समोरचा प्रतिप्रश्न विचारू शकत नाही, हीच त्यातली मोठी उणीव.

समोरासमोर का होत नाही? आव्हानं तर येतात. २००९ मध्ये अडवाणींनी मनमोहन सिंगांना टीव्ही डिबेटचं आव्हान दिलं, काँग्रेसने नाकारलं. २०१५ मध्ये दिल्लीत केजरीवालांनी किरण बेदींना दिलं, त्या म्हणाल्या डिबेट विधानसभेत करू. मे २०२४ मध्ये माजी न्यायमूर्ती मदन लोकूर, माजी न्यायमूर्ती ए. पी. शहा आणि ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांनी मोदी आणि राहुल गांधी दोघांना पत्र लिहून जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं. राहुल गांधी तयार झाले, भाजपने युवा मोर्चाच्या उपाध्यक्षाचं नाव पुढे केलं, आणि डिबेट काही झाली नाही. पक्ष कुठलाही घ्या, पुढे असलेला नाही म्हणतो. त्यात आपल्याकडे आणखी एक अडचण असते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला दोन आघाड्या, सहा मोठे पक्ष, आणि मुख्यमंत्री कोण हे एकाही आघाडीने जाहीर केलेलं नव्हतं. मग पोडियमवर उभं कोण राहणार? जागावाटपात जे तीन आठवडे झाकून ठेवलंय ते डिबेटमध्ये पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं.

म्हणून मग त्या जागी आपल्याला रोज संध्याकाळची आठ-नऊ खिडक्यांची प्रवक्त्यांची मारामारी मिळते. मी ती चालवलीय, म्हणून जबाबदारीने सांगतो, तिच्यात उमेदवाराला एकाही प्रश्नाचं उत्तर द्यावं लागत नाही. प्रवक्ता उद्या बदलता येतो, "ते त्यांचं वैयक्तिक मत" म्हणून मोकळं होता येतं. नेता स्वतः बोलला की ते त्याच्या अंगाला चिकटतं.

आणि इथेच मला डिबेट हवी का वाटते ते सांगतो. मतं फिरतील म्हणून नाही. तयारीसाठी. एका विधानसभेच्या वेळी मध्य मुंबईतल्या एका उमेदवाराची तयारी करून घेत होतो, सगळे उमेदवार एका हॉलमध्ये समोरासमोर येणार होते, लोकल केबलवर दाखवणार होते. दादरला त्यांच्या ऑफिसात आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना बसलो, मी फोनवर ९० सेकंद लावले आणि विचारलं, "साहेब, बिल्डरने जुन्या इमारतीतल्या भाडेकरूंचं भाडं थकवलंय, तुम्ही आमदार झालात, नक्की कोणाकडे जाणार आणि काय मागणार?" माणूस सभेत पाऊण तास न थांबता बोलतो, पब्लिक उठत नाही. इथे त्यांनी सुरुवात केली, "आमच्या पक्षाने नेहमीच मराठी माणसाच्या घरासाठी..." आणि ९० सेकंद संपले तरी भाड्याचा भ पण आला नाही. परत घेतलं. परत तेच. तिसऱ्यांदा ते गप्प बसले, पीएला आत बोलावलं आणि म्हणाले, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळात कोणाला भेटायचं असतं ते उद्या विचारून ये, आणि आपल्याकडच्या किती इमारतींचं भाडं अडकलंय त्याची यादी आण. यादी आली. पुढचे दोन दिवस त्यांनी ती खरंच वाचली, एका सोसायटीच्या सेक्रेटरीला स्वतः फोन लावला, "काका, तुमचं कधीपासून अडकलंय?" म्हणून. एवढी वर्षं त्या भागात राजकारण करणारा माणूस, आणि फाइल उघडली ती बाजूला विरोधक उभा असणार या भीतीने. मला डिबेटकडून एवढंच हवंय आणि हे फार मोठं आहे.

त्यामुळे कुणी खरंच करायला घेणार असेल तर माझं म्हणणं असं. जबाबदारी खाजगी चॅनेलवर टाकू नका, एका चॅनेलवर गेलं की दुसरं त्याला पाडायला बसतं. कॅनडाने २०१८ मध्ये या कामासाठी स्वतंत्र आयोगच नेमला. आपल्याकडे निवडणूक आयोगाच्या योजनेत मान्यताप्राप्त पक्षांना दूरदर्शन आणि आकाशवाणीवर मोफत वेळ मिळतो, त्यात केंद्रावर जास्तीत जास्त दोन चर्चा घ्यायची सोय पण आहे, प्रत्येक पक्षाचा एक प्रतिनिधी. ती सोय धूळ खात पडलेली असते कारण पक्ष तिथे दुसऱ्या फळीतला माणूस पाठवतात. सह्याद्रीवर तीच चर्चा, पण पक्षाचा विधिमंडळ नेता किंवा प्रदेशाध्यक्षच आला पाहिजे अशी अट घाला. टाळ्यांना प्रेक्षक नकोत. एकाची वेळ चालू असताना दुसऱ्याचा माइक बंद, जून २०२४ ला अमेरिकेत हेच केलं होतं. प्रश्न अँकरने विचारू नयेत, शेतीचा शेती कव्हर करणाऱ्याने विचारावा, पाण्याचा महापालिका कव्हर करणाऱ्याने, कारण दुसरा प्रश्न विचारता येणं हेच खरं कसब आहे, पहिला कुणीही विचारतो. आणि तारीख मतदानाच्या निदान दहा दिवस आधीची ठेवा. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास टीव्हीवर प्रचार बंद असतो, त्याच्या तोंडावर डिबेट घेतली तर कुणी खोटं बोललं तरी ते तपासून लोकांपर्यंत पोहोचवायला वेळच उरत नाही.

राज्यपातळीवर हे होईपर्यंत मतदारसंघात करा. अर्ज मागे घ्यायची तारीख संपली, उमेदवारांची यादी पक्की झाली, की निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून परवानगी घ्या, सगळ्या उमेदवारांना एकाच दिवशी लेखी आमंत्रण द्या आणि पोच घ्या, नाहीतर नंतर "आम्हाला बोलावलंच नाही" सुरू होतं. आला नाही त्याचं नाव टेबलावर तसंच ठेवा आणि त्याला विचारायचे प्रश्न पण वाचून दाखवा. आणि रेकॉर्डिंग त्याच रात्री पूर्ण टाका, न कापता. पक्षवाले आपापल्या क्लिपा फिरवतीलच, तेव्हा कुठल्या वाक्याच्या आधी काय विचारलं होतं हे ज्याला बघायचंय त्याला ते बघता आलं पाहिजे.